टेम्पो सारखा, तरी लय का सुटते?

सोलापुरात गणेशोत्सवाच्या दिवसांत होणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या मंचावर आता की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि लॅपटॉप शेजारी शेजारी दिसतात. कोणता स्वर कोणत्या क्षणी वाजवायचा याची नोंद ठेवून ती आपोआप वाजवणारा सिक्वेन्सर यांपैकी कशातही असू शकतो. दोन यंत्रांवर १२० टेम्पो (म्हणजे मिनिटाला १२० मात्रा) लावून दोन्हींची बटणे एकदमच दाबली, तरी लांबलचक मेडले संपत येईपर्यंत ठेका दुहेरी ऐकू येऊ लागतो.

याचे कारण असे, की प्रत्येक यंत्र वेळ मोजते ती आपापल्या क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवरून, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० इतकी चूक किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे मिनिटाला ३ मिलिसेकंदांचा फरक पडतो; एक स्फटिक तेवढाच पुढे आणि दुसरा तेवढाच मागे असेल, तर १० मिनिटांत ६० मिलिसेकंदांचे अंतर साचते, आणि ते कोणाच्याही कानाला खटकते. तापमानानेही स्फटिकाची गती किंचित बदलते, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या मंचावरचे यंत्र आणि वातानुकूलित खोलीतले यंत्र यांत थोडा फरक पडणारच. शिवाय पडद्यावर १२० दिसत असताना आतला हिशोब ११९.९८ चा असेल, तर तेवढ्यानेच मिनिटाला १० मिलिसेकंद निसटतात.

म्हणून दोन घड्याळे जुळवत बसण्यापेक्षा एकाच घड्याळावर सगळी यंत्रे चालवणे हाच खरा उपाय आहे. यंत्रमागावर धोटा, ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या वह्या आणि फणी यांना एकाच मोटरवरून चाल मिळते, म्हणून त्यांचा मेळ सुटत नाही. इथेही तेच करायचे असते. वाद्ययंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या, १९८३ साली आलेल्या मिडी या पद्धतीत मुख्य यंत्र दर मात्रेला २४ टिक, म्हणजे वेळेचे छोटे इशारे, पाठवते, म्हणजे १२० च्या टेम्पोला साधारण दर २०.८ मिलिसेकंदांनी एक. या टिकमध्ये टेम्पोचा आकडा नसतोच. दोन टिकमधल्या अंतरावरून ऐकणारे यंत्र लय ओळखते. गाण्यात आपण कुठे आहोत हेही टिक सांगत नाही, त्यासाठी वेगळा संदेश असतो.

मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे एका टिकला ०.३२ मिलिसेकंद लागतो, आणि स्वरांचे संदेश चालू असतानाही टिकला मध्येच शिरण्याची मुभा असते. त्यामुळे तारेला दोष देणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. अडचण येते ती लॅपटॉपमध्ये: इतर कामांत गुंतलेला संगणक एक टिक उशिरा पाठवतो, पुढचा वेळेवर, आणि लय डगमगते. या डगमगीला जिटर म्हणतात. माझ्या मते सारख्याच राहणाऱ्या उशिरापेक्षा जिटर कितीतरी वाईट, कारण ठरावीक उशीर एकदा मोजून भरून काढता येतो. डगमगीला तसा इलाज नाही. म्हणूनच लॅपटॉपपेक्षा स्वतंत्र ड्रम मशीनला किंवा सिक्वेन्सरला मुख्य घड्याळ करणे अनेकदा हिताचे ठरते.

दोष नेमका कुठला, हे घरीच तपासता येते. दोन्ही यंत्रांवर फक्त टकटक वाजवावी, एक डाव्या आणि एक उजव्या चॅनेलवर पाच मिनिटे रेकॉर्ड करावी आणि लहरी मोठ्या करून अंतर पाहावे. अंतर वाढत गेले तर घड्याळे वेगळी चालत आहेत. ते कमी-जास्त होत राहिले तर जिटर आहे. कायम ८ मिलिसेकंदच राहिले, तर सॉफ्टवेअरच्या विलंब-भरपाईत तेवढा आकडा घालून काम भागते.