गुडघेदुखी: म्हातारपणाच्या खात्यात टाकलेला आजार

गुडघे कुरकुरायला लागले की आपल्याकडे म्हणतात, 'वंगण संपलं' किंवा 'गादी झिजली'. वय झालं, चालायचंच! ऑस्टिओआर्थ्रायटिसने, म्हणजे सांध्याच्या या झिजेने, माणूस दगावत नाही, फक्त त्याचा जिना सुटतो, मग मांडी घालणं सुटतं, मग बाजार. मृत्यूच्या आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या आरोग्यखात्याला हे दुखणं दिसणार तरी कसं?

ते मोजावं म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'कॉपकॉर्ड' उपक्रम आखला. पद्धत साधी होती. घरोघरी जायचं, काय दुखतं ते विचारायचं आणि दुखतंय म्हणणाऱ्याला डॉक्टरांनी तपासायचं. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये हे काम भिगवणला सुरू केलं. हो, रोहित पक्षी बघायला आपण जातो तेच उजनीकाठचं भिगवण. चार हजारांवर प्रौढांच्या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना हाडासांध्यांची दुखणी निघाली. ऑस्टिओआर्थ्रायटिस जवळजवळ ६ टक्क्यांना, तर आमवात जेमतेम अर्ध्या टक्क्याला. कष्टकऱ्यांचे सांधे दुखत नाहीत, ते बैठ्या शहरी लोकांचं दुखणं, हा समज तिथे टिकला नाही.

गुडघेबदल घराघरांत पोचला तो मात्र पाहणीने नव्हे. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, पुढच्या वर्षी उजव्यावर. गुडघा बदलता येतो, हे त्या बातम्यांनी गावोगावी कळलं. परवडण्याचा प्रश्न उरलाच. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतकी बांधून दिली.

निर्णय चांगलाच, पण तो सांधा पुरता झिजल्यानंतर कामाला येणारा. दरम्यान देशातले ऑस्टिओआर्थ्रायटिसचे रुग्ण १९९० च्या सुमारे २.३ कोटींवरून २०१९ मध्ये ६.२ कोटींवर गेले, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत बायका जास्त. वाढलेलं आयुर्मान हे एक कारण, वाढलेलं वजन हे दुसरं. वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणं हे उपाय स्वस्त आहेत, पण ते वेळेत सांगणारं कुणीतरी गावात लागतं. २०१० मध्ये असंसर्गजन्य आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात होते, सांधे नव्हते.