हॉट टबमधील वातमिश्रण

गरम पाण्याच्या स्नानकुंडात झोतांवाटे किंवा तळातील छिद्रांवाटे हवा सोडून पाणी बुडबुड्यांनी भरण्याची क्रिया. त्यासाठी मुख्यतः दोन पद्धती रूढ आहेत : पाण्याच्याच वेगाने हवा ओढून घेणारी व्हेंच्युरी पद्धत आणि विजेच्या ब्लोअरने हवा दाबून सोडण्याची पद्धत. दोहोंतील बुडबुडे वरून सारखेच दिसत असल्याने व्यवहारात त्यांची गल्लत होते. मात्र त्यांचे भौतिकी, अंगाला होणारा स्पर्श आणि देखभाल या तिन्ही बाबी भिन्न आहेत.

व्हेंच्युरी पद्धतीत पंपाने आलेले पाणी अरुंद नोझलमधून वेगाने अधिक रुंद नळीत सोडले जाते. नोझलच्या तोंडाभोवतीची पोकळी एका बारीक नळीने कुंडाच्या काठावरील हवेच्या चावीला जोडलेली असते. तेथील दाब वातावरणाच्या दाबाखाली गेला की हवा आपोआप आत ओढली जाते. चालू झोताच्या चावीवर तळहात ठेवल्यास कातडी आत खेचली जाते, हवेचा सुस्कारा थांबतो आणि त्याच क्षणी झोताचे पांढरे पाणी काचेसारखे पारदर्शक होते. नोझल पाण्याखाली ५० सेंमी. असेल, तर हवेला सु. ४·९ किलोपास्कल एवढ्या जलदाबावर मात करावी लागते. आदर्श प्रवाह गृहीत धरल्यास त्यासाठी झोताचा वेग सेकंदाला ३·१ मी. हून अधिक असावा लागतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो बराच जास्त ठेवतात. गाळणी तुंबून पंपाचा प्रवाह मंदावला की आधी बुडबुडे नाहीसे होतात आणि झोत मागाहून मंद पडतो, याचे कारण हेच.

या परिणामाचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. मॉडेना येथील भौतिकीविज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी (१७४६–१८२२) यांनी १७९७ मध्ये पॅरिस येथे द्रवांतील गतीच्या ‘पार्श्विक संक्रमणा’विषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तथापि, वेग वाढला की दाब घटतो हे तत्त्व डॅनियल बेर्नुली यांच्या १७३८ च्या ग्रंथात आधीच आले होते. व्हेंच्युरी यांचे नाव रूढ झाले ते बहुधा १८८० च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा अमेरिकन अभियंते क्लेमेन्स हर्शेल यांनी आपल्या प्रवाहमापकाला ते दिले. यावरून काही लेखक हे नामकरण केवळ उपचाराचे मानतात. परंतु धावता झोत शेजारच्या स्थिर द्रवाला आपल्याबरोबर ओढतो, ही व्हेंच्युरी यांची मूळ मांडणी होती, आणि स्नानकुंडाच्या नोझलमध्ये हवा पाण्यात विखुरते ती या ओढीमुळेच. केवळ दाबाच्या घटीने हवा पोकळीपर्यंत येईल. तिचे बुडबुडे होण्याचा उलगडा त्याने होत नाही. त्यामुळे प्रस्तुत साधनापुरते तरी व्हेंच्युरी यांचे नाव अस्थानी म्हणता येत नाही.

झोतस्नानाचा उगमही असाच वादाचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत जखमी हातपाय घुसळत्या पाण्याच्या कुंडात बुडवून उपचार होत असत, त्यामुळे कल्पनेचा आरंभ अमेरिकेत झाला असे म्हणणे अवघड आहे. घरगुती साधनाचे श्रेय मात्र सामान्यतः इटलीच्या फ्रिऊली प्रांतातून कॅलिफोर्नियात गेलेल्या जाकुझी बंधूंना दिले जाते. कांदिदो जाकुझी यांच्या संधिवातग्रस्त मुलाला घरीच जलोपचार मिळावेत म्हणून न्हाणीच्या टबात उभा करता येईल असा पंप तयार झाला. त्याची सुरुवात काही वृत्तांत १९४० च्या दशकाच्या अखेरीस, तर काहींत १९५० च्या दशकाच्या मध्यास दिली आहे; पहिली तारीख घरातील प्रयोगाची आणि दुसरी विक्रीची असावी. टबाच्या भिंतीतच झोत बसवलेले कुंड रॉय जाकुझी यांनी १९६८ मध्ये आणले, याबाबत फारसा मतभेद नाही. या साऱ्यात एक दुवा सहसा दुर्लक्षिला जातो. हे कुटुंब त्याआधीपासून विहिरींसाठी जेट पंप बनवीत होते, आणि जेट पंपाचा गाभा म्हणजे नोझल व व्हेंच्युरी नळीच होय. गोव्यात खोल विहिरीवर दोन नळ्यांचा जेट पंप ज्याने पाहिला आहे, त्याने हॉट टबच्या झोताचे पूर्वरूप पाहिले आहे. फरक इतकाच, की तेथे झोत पाणी ओढतो आणि येथे हवा.

ब्लोअर पद्धतीत पाण्याच्या पंपाचा संबंध येत नाही. स्वतंत्र मोटर हवा दाबून तळातील किंवा बैठकीतील छिद्रांपर्यंत नेते. दाब फार लागत नाही, पाण्याची खोली व नळीतील घर्षण यांना पुरेल एवढाच. पण हवा मुबलक मिळते. बुडबुडे काही मिमी. व्यासाचे असतात आणि सेकंदाला सु. २५ सेंमी. वेगाने वर येतात, म्हणजे ६० सेंमी. खोलीवरून दोन-तीन सेकंदांत पृष्ठावर फुटतात. त्यांचा स्पर्श हलका आणि सर्वांगाला होणारा असतो, एका स्नायूवर जोर येत नाही. याउलट व्हेंच्युरीच्या झोतात हवा मिसळल्याने मिश्रणाचे आकारमान वाढते, तेच तोंड त्याला अपुरे पडते आणि ते अधिक वेगाने व ठोके दिल्यासारखे बाहेर पडते. पाठीला मर्दनाचा भास होतो तो यामुळे. काही कुंडांत ब्लोअरची हवा झोतांच्या हवानळीतच सोडून दोन्ही पद्धतींची सांगड घालतात. पंपाच्या शोषण-बाजूने हवा घेण्याचा सोपा वाटणारा मार्ग मात्र टाळावा. पंपात हवा धरली जाऊन पाणी ओढणेच बंद पडते. जर्मनीतील बाट नाउहाइम येथील स्नानांतील बुडबुडे कार्बन डाय-ऑक्साइडाचे असून त्यांचा त्वचेवरील परिणाम वेगळा आहे. त्यांचे गुण हवेच्या बुडबुड्यांना चिकटवणे चुकीचे ठरेल.

हवा मिसळण्याचा आणखी एक मार्ग निसर्गातच आहे : उंचावरून पडणारी धार पाण्यात घुसताना हवा बरोबर नेते. दूधसागरचा पांढरा रंग बुडबुड्यांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा असतो. वेर्णे-कुठ्ठाळी परिसरातील केसरव्हाळच्या झरीखाली अंगावर धार घेण्याची रीत जुनी आहे. तेथे लोक पाण्याचे औषधी गुण मानतात. धारेच्या माऱ्याचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न आहे. न्हाणीतल्या भाणातील (पाणी तापवण्याच्या मोठ्या भांड्यातील) ऊन पाण्याशी मात्र हॉट टबचे नाते केवळ उष्णतेपुरते आहे. गोव्यात ही कुंडे प्रामुख्याने किनारी हॉटेले आणि भाड्याचे व्हिला यांत आढळतात.

ब्लोअरमुळे पाणी लवकर निवते, हा आक्षेप थंड देशांतील ग्रंथांत ठळकपणे येतो; गोव्यात तो सौम्य करून घ्यावा लागेल. ४०° से. तापमानाच्या पाण्यातून वर आलेली हवा घनमीटरमागे सु. ५० ग्रॅ. बाष्प घेऊन बाहेर पडते. पावसाळ्यात येथील हवेत आधीच २०–२३ ग्रॅ. बाष्प असते, म्हणून पाण्यातून उचलले जाणारे बाष्प ३० ग्रॅ. च्या आसपास राहते. थंड व कोरड्या हवेत तेच ४५ ग्रॅ. च्या पुढे जाते. ताशी ६० घ. मी. हवा धरल्यास पहिल्या स्थितीत बाष्पीभवनापोटी सु. १·२ किलोवॉट उष्णता जाते, दुसऱ्या स्थितीत सु. १·८ किलोवॉट आणि शिवाय थंड हवा तापवण्याचा खर्च वेगळा.

किनाऱ्यावर खरी अडचण वेगळीच आहे. खारी हवा ब्लोअर सतत आत घेतो. मोटरच्या टोकांवर हिरवट-पांढरी पुटे चढतात व बेअरिंग गंजतात. वीज अचानक गेली की हवेचा दाब नाहीसा होतो आणि कुंडातील पाणी नळीतून उलट मोटरकडे येते. यासाठी एकदिशा झडप बसवतात आणि नळीचा एक वळसा पाण्याच्या पातळीपेक्षा सामान्यतः ३० सेंमी. तरी वर नेतात. दोहोंपैकी वळसा अधिक भरवशाचा, कारण झडपेचा रबर कालांतराने कडक होतो. चिऱ्यांच्या खड्ड्यात, पाण्याच्या पातळीखाली बसवलेल्या ब्लोअरला तर वळशाविना चालवूच नये. ६० हर्ट्झ वारंवारतेच्या विजेसाठी बनवलेली प्रवर्तन (इंडक्शन) मोटर भारतातील ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने तो ७० टक्क्यांच्या खाली येतो आणि खोल कुंडात तळाची छिद्रे मुकी राहतात. कार्बन-ब्रशच्या मोटरांना वारंवारतेची ही बाधा होत नाही. फिरता भाग नसलेली व्हेंच्युरी या साऱ्यांतून सुटते, म्हणून किनारपट्टीवर तिला प्राधान्य देणे रास्त दिसते.

हवेच्या घुसळणीने पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व सामू वाढतो. जांभ्या दगडातील विहिरींचे मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी यामुळे काहीसे सुधारते; टँकरच्या कठीण पाण्यात मात्र क्षारांचा थर बसतो. फुटणारे बुडबुडे सूक्ष्म तुषार उडवतात आणि लिजिओनेला जंतू त्यांवाटे फुप्फुसांत जाऊ शकतात. नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे १९९९ च्या पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या कुंडांपासून पसरलेल्या साथीत तीसच्या आसपास माणसे दगावली. हे जंतू २५°–४५° से. मध्ये वाढतात, म्हणजे पावसाळ्यात बंद ठेवलेल्या कुंडाच्या हवानळ्यांत साचलेले पाणी त्यांना पोषकच ठरते. त्यामुळे कुंड रिकामे केल्यावर ब्लोअर काही मिनिटे कोरडा चालवून नळ्या निथळवतात. व्हेंच्युरीच्या बारीक नळ्यांना ही सोय नसल्याने त्या जंतुनाशक पाण्याने धुवाव्या लागतात.