पुढचे दोनच स्पीकर वाजतात? डिकोडर नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

डिकोडर नवा, वायर नवी, सहाही स्पीकर जागच्या जागी, आणि वाजतात मात्र पुढचे दोनच. (डिकोडर म्हणजे डीव्हीडी प्लेयरचा दाबलेला डिजिटल आवाज उलगडून सहा स्पीकरना वेगवेगळा देणारा डबा.) ही तक्रार आमच्याकडे वर्षभर येते, दिवाळीच्या सुमाराला तर जास्तच. सिडकोतून, नाशिकरोडहून, पार देवळाली कॅम्पातून लोक अख्खा सेट रिक्षात घालून दुकानात आणतात. आम्ही तो टेबलावर जोडतो, प्लेयरच्या मेन्यूतली एक ओळ बदलतो, आणि मागचे स्पीकर सुरू होतात. स्पीकर बिघडलेले नसतात, डिकोडरही नसतो. तुमचा दिवस आणि रिक्षाचं भाडं मात्र गेलेलं असतं. म्हणून आता प्रत्येक डिकोडरबरोबर हे पत्रक देतो. कृपया जोडायच्या आधी वाचा.

ती ओळ सापडते अशी. रिमोटवर सेटअप दाबा आणि ऑडिओच्या पानावर जा. तिथे ‘डिजिटल आउटपुट’ किंवा ‘एसपीडीआयएफ’ असं लिहिलेलं दिसेल. त्याच्यापुढे ‘पीसीएम’ असेल तर ते बदलून ‘रॉ’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा. कंपनीप्रमाणे शब्द बदलतो, काही प्लेयरवर सरळ ‘डॉल्बी डिजिटल’ असंच लिहितात. तिथे पीसीएम राहू द्यायचं नाही, एवढं पक्कं धरा. घरात कुणी प्लेयर रीसेट केला तर सेटिंग पुन्हा पहिल्यावर जातं, तेव्हा आवाज अचानक दोन स्पीकरवर आला तरी आधी हेच पान उघडा.

असं का होतं तेही सांगतो, कारण कारण कळलं की माणूस पुन्हा अडत नाही. पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या आवाजावर असताना प्लेयर डिस्कवरचा ५.१ आवाज (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचे सहा वेगळे आवाज, म्हणजे सहा चॅनेल) स्वतःच उलगडतो, सहांचे दोन करतो आणि तेवढेच दोन वायरीत सोडतो. मग डिकोडर कितीही चांगला असो, त्याच्यापर्यंत सहा पोहोचतच नाहीत. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ठरवलेल्या या एसपीडीआयएफ जोडणीतून न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या त्या दोन चॅनेलनाच सेकंदाला १,५३६ किलोबिट लागतात. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल मात्र साही चॅनेल दाबून जास्तीत जास्त ४४८ किलोबिटमध्ये बसवतो. तो तसाच दाबलेला पाठवला, तर एकाच वायरीतून सगळा येतो आणि उलगडायचं काम डिकोडर करतो. डिकोडरवर डॉल्बी किंवा डीटीएसचा (डॉल्बीसारखाच दाबलेल्या आवाजाचा दुसरा प्रकार) दिवा लागला की समजा, काम झालं. गाण्यांची ऑडिओ सीडी किंवा जुनी व्हीसीडी लावली तर दिवा पीसीएमचाच लागणार. त्या डिस्कवर मुळात दोनच चॅनेल असतात, तिथे डिकोडरला दोष देऊ नका. डीव्हीडीतही कधी कधी डिस्कच्या स्वतःच्या मेन्यूत जाऊन ५.१ चा ट्रॅक निवडावा लागतो.

आता त्या स्वस्त छोट्या डब्याबद्दल. एका बाजूला डिजिटल इनपुट आणि दुसऱ्या बाजूला फक्त लाल-पांढरी पिन असेल, तर तो दोन चॅनेलचा कन्व्हर्टर आहे, डिकोडर नव्हे. नावात डिजिटल आणि अॅनालॉग दोन्ही शब्द असल्यामुळे लोक ऑनलाइन तोच मागवतात. बहुतेक असे डबे फक्त पीसीएम ओळखतात. प्लेयर बिटस्ट्रीमवर असेल तर एकतर आवाजच येत नाही, नाहीतर जोराची खरखर येते. तेव्हा जोडताना व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा. टीव्हीचा आवाज स्टीरिओ अॅम्पवर घ्यायचा असेल तर हा डबा चांगला आहे आणि आम्हीही ठेवतो. पण सराउंडसाठी कुणी मागितला तर देत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं कधी कधी, तरी देत नाही, कारण दोन दिवसांनी तेच परत घेऊन यायचे असतात.

डिकोडर घ्यायच्या आधी तुमच्या वूफरची, म्हणजे बाकीचे स्पीकर ज्याला जोडतात त्या मोठ्या डब्याची मागची बाजू बघा. तिथे सहा वेगवेगळी इनपुट हवीत: पुढचे दोन, मागचे दोन, सेंटर आणि सबवूफर. बाजारात पाच स्पीकर आणि वूफर असलेले कितीतरी सेट आहेत, ज्यांना इनपुट मात्र लाल-पांढरं एवढंच असतं. त्यांना डिकोडर लावून उपयोग नाही. कॉम्प्युटरचे ५.१ स्पीकर असतील तर हिरवी, काळी आणि नारिंगी अशा तीन बारीक पिना असतात. त्यांना चालतील अशा कन्व्हर्टर वायरी आमच्याकडे मिळतात. आणि तुमच्या प्लेयरलाच मागे सहा अॅनालॉग आउटपुट असतील तर डिकोडर घेऊच नका. सहा वायरी सरळ वूफरला जोडा आणि स्पीकर सेटअपमध्ये स्टीरिओऐवजी ५.१ निवडा.

वायरीवर फार खर्च करायची गरज नाही. डिजिटल आवाजाची वायर दोन प्रकारची असते, तांब्याची कोअॅक्सिअल आणि प्रकाशाची ऑप्टिकल. कोअॅक्सिअलसाठी ७५ ओहमची वायर लागते, आणि घरातली जुनी पिवळ्या पिनेची व्हिडिओ वायर साधारण तशीच असते. दीड-दोन मीटरपर्यंत ती खुशाल वापरा. ऑप्टिकल घेतलीत तर टोकावरचं बारीक पारदर्शक टोपण काढा. हे टोपण तसंच ठेवून ‘वायर खराब’ म्हणून परत आणणारे बरेच असतात. ती वायर करकचून वाकवूही नका. ज्यांच्याकडे टीव्हीला केबलवाल्याची वायर आहे आणि वूफरमधून सतत हूं असा आवाज येतो, त्यांनी मात्र ऑप्टिकलच घ्यावी. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे अर्थिंगमधून येणारी गुणगुण प्लेयरकडून पुढे येत नाही. आणि प्लेयरची वायर सरळ डिकोडरलाच लावा. टीव्हीतून फिरवून आणली तर बरेच टीव्ही पुढे दोनच चॅनेल सोडतात.

ब्लू-रे प्लेयरवालेही विचारतात. या वायरीतून डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडीचा पूर्ण दर्जा जात नाही, पण त्याच डिस्कवरचा साधा डॉल्बी किंवा डीटीएस ५.१ जातो. तिथे मेन्यूतला सेकंडरी ऑडिओ (मुख्य आवाजात मिसळला जाणारा जादा आवाज) बंद ठेवा.

प्रत्येक डिकोडर आम्ही तुमच्यासमोर ५.१ ची डिस्क लावून, सहाही स्पीकरवर ऐकवूनच देतो. त्याला थोडा वेळ लागतो, गर्दीत थांबावं लागतं, पण त्यामुळे माल चांगला गेला हे दोघांनाही माहीत असतं. घरी येऊन जोडून देण्याचे पैसे वेगळे घेतो. फक्त सेटिंग बदलायचं निघालं तर ते पैसे तुम्हालाही जड वाटतात, म्हणून बोलावण्याआधी मेन्यूचं ते पान उघडून त्याचा फोटो आम्हाला पाठवा. प्लेयरच्या आणि वूफरच्या मागच्या बाजूचाही पाठवा. बहुतेक वेळा उत्तर फोनवरच मिळतं. तरीही दुकानात यावं लागलं तर वूफर आणि स्पीकर घरीच ठेवा, फक्त प्लेयर, डिकोडर आणि प्लेयरचा मूळ रिमोट आणा. रिमोटशिवाय मेन्यू उघडत नाही.