‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे ‘आजार नाही’ नव्हे

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या भागांतल्या अनेक पालकांच्या मनात एक समज पक्का बसला आहे: जनुकीय चाचणीच्या अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला, की आजार नाही. शरीरात तांबे साचत जाणाऱ्या विल्सनसारख्या, उपचार असलेल्या आनुवंशिक आजारात हा गैरसमज घातक ठरू शकतो. 2015 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार जनुकातील बदलांचे ‘निरुपद्रवी’ ते ‘आजारकारक’ असे पाच गट पाडले जातात आणि त्यांतला हा मधला गट एवढेच सांगतो, की निर्णय देण्याइतका पुरावा अद्याप हाती नाही. जागतिक माहितीसंग्रहांत भारतीयांची नोंद तुटपुंजी असल्याने आपल्याकडे हा शेरा वारंवार दिसतो. अशा वेळी उत्तर रुग्णाच्या शरीरात शोधावे लागते: रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहून नेणारे प्रथिन, 24 तासांच्या लघवीतील तांबे आणि स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याच्या पारपटलाच्या कडेने दिसणारे सोनेरी-तपकिरी कडे. हे सारे जुळत असताना केवळ अहवालाकडे बोट दाखवून पेनिसिलामाइन किंवा झिंक ही तांबे कमी करणारी औषधे लांबणीवर टाकणे मला अक्षम्य वाटते, कारण तेवढ्या काळात यकृतात आणि मेंदूत तांबे साचतच राहते. मात्र लक्षणे नाहीत, तपासण्याही निर्दोष आहेत, अशा मुलाला निव्वळ या शेऱ्यावरून औषध देणेही चूकच. हा आजार होण्यासाठी आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते; म्हणून आई-वडिलांची चाचणी केल्यास दोन बदल दोघांकडून एकेक आले की एकाकडूनच, हे उलगडते. आणि नवा पुरावा आल्यावर गट बदलू शकतो, म्हणून अहवालाचा फेरआढावा प्रयोगशाळेकडे काही काळाने आवर्जून मागावा.