वायर उपटली, पण डिव्हाइस गेलं का?

सीएच-३४० या यूएसबी-सिरियल चिपवालं स्वस्तातलं आर्डुइनो बोर्ड लिनक्सला लावलंय, सिरियल टर्मिनल उघडंच आहे आणि तुम्ही वायर ओढून परत लावली, तर बऱ्याचदा पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी-० चं टीटीवाययूएसबी-१ होऊन बसतं. लोक लिनक्सच्या नावाने बोटं मोडतात, पण तो इथे हिशोबाला पक्का आहे. लिनक्समधे पोर्टही फाइलसारखाच उघडतात, आणि वायर गेली तरी टर्मिनल प्रोग्रॅमने ती फाइल सोडलेली नाही, म्हणून जुन्या पोर्टची नोंद मेमरीत आणि ० नंबर अडकलेला.

कर्नलमधे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रत्येक डिव्हाइसच्या नोंदीला एक काउंट असतो, ती किती जण वापरतायत त्याचा. वापरणारा गेट करून तो एकने वाढवतो, काम झालं की पुट करून कमी करतो, आणि शून्यावर आला की रिलीज फंक्शन चालतं, मेमरी सोडायची तर तिथेच. रिलीज लिहिलंच नाही तर कर्नल लॉगमधे सरळ सुनावतो की हे ब्रोकन आहे, दुरुस्त करा. मग काही हुशार लोक वॉर्निंग घालवायला रिकामं फंक्शन टाकायचे, त्यांच्यासाठी कर्नलच्याच डॉक्युमेंटेशनमधे धमकी होती की मेंटेनर तुमची निर्दयपणे टर उडवेल :)

खरी गंमत देव्हएम फंक्शन्सची, म्हणजे ड्रायव्हरने घेतलेल्या गोष्टी आपोआप परत करणाऱ्या फंक्शन्सची. ती २००७ मधे २.६.२१ सोबत आली, आणि ड्रायव्हर लिहिणारे खुश, कारण प्रोबमधे (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) मेमरी घ्यायची आणि विसरून जायचं, ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की कर्नल आपोआप ती परत घेतो. पण सुटला की म्हणजे तेव्हाच, फाइल कोणी उघडी ठेवलीय का ते तो बघत नाही. वायर उपटली, मेमरी गेली, आणि दोन सेकंदांनी प्रोग्रॅमने रीड केलं की ड्रायव्हर त्याच जुन्या पत्त्यावर हात घालतो. यालाच यूज-आफ्टर-फ्री म्हणतात, आणि दरवेळी मशीन क्रॅश होतंच असं नाही, जे माझ्या मते जास्त वाईट.

आरएमएमॉड कमांडने ड्रायव्हरचं मॉड्यूल काढताना 'मॉड्यूल इज इन यूज' येतं ना, मग आपण सेफ, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो काउंट मॉड्यूलच्या कोडचा, वायर ओढणाऱ्याला तो कसा अडवणार?

म्हणून फाइलला लागणारा डेटा देव्हएमने न घेता स्वतःच्या काउंटवर ठेवायचा, रिमूव्हमधे (डिव्हाइस सुटताना चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) लॉक घेऊन फक्त 'डिव्हाइस गेलं' अशी खूण करायची, आणि नंतर येणाऱ्या रीडला ईनोडेव्ह ('असं डिव्हाइस नाही') एरर द्यायची. टेस्टला यूएसबी उपटायचीही गरज नाही, केसॅन (मेमरीच्या अशा चुका पकडणारं कर्नलचं टूल) चालू करून बूट करा, फाइल उघडी ठेवा, सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवणारी /sys डिरेक्टरी) ड्रायव्हरच्या अनबाइंड फाइलमधे रूटने डिव्हाइसचं नाव लिहा आणि मग रीड मारून बघा.