मितीय विश्लेषण: आधी हौद, मग प्रमेय

लांबी, वेळ, वस्तुमान अशा मूळ राशींच्या (मितींच्या) आधारे भौतिक संबंध तपासण्याची रीत म्हणजे मितीय विश्लेषण. पाठ्यपुस्तकात ते बकिंगहॅमच्या पाय प्रमेयापासून सुरू होतं: प्रश्नातल्या राशी एकक नसलेल्या थोड्या गुणोत्तरांत, म्हणजे गटांत, बांधता येतात, असं ते सांगतं. इतिहासात ते प्रमेय बरंच उशिरा येतं. त्याआधी कित्येक दशकं जहाजवाले त्यामागचं तत्त्व वापरत होते: ही गुणोत्तरं जुळली, की लहान प्रतिकृती मोठ्या वस्तूसारखीच वागते.

समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या मिती जुळल्याच पाहिजेत, हे फूरियेने १८२२ च्या उष्णतेवरील ग्रंथात मांडलं होतं. पाण्यात त्याचा खरा कस लावला विल्यम फ्रूडने. हा मूळचा ब्रिटिश अभियंता ब्रुनेलच्या हाताखालचा रेल्वे इंजिनिअर. लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून जहाजाला होणारा विरोध तो मोजू लागला. ब्रिटिश नौदलाने पैसे दिले आणि १८७२ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीला त्याच्या घराजवळ चाचणीचा हौद तयार झाला.

अडचण अशी: प्रतिकृती २५ पट लहान घेतली, तर लाटा जहाजासारख्या उठण्यासाठी वेग पाचपट कमी हवा. पण त्याच पाण्यात घर्षण जुळवायचं, तर वेग २५ पट जास्त हवा. सेकंदाला १० मीटर जाणाऱ्या जहाजासाठी एका हिशेबाने २ मीटर, दुसऱ्याने २५० मीटर! दोन्ही एकदम जमणं अशक्य. फ्रूडने मग सपाट फळ्या ओढून घर्षण वेगळं मोजलं, प्रतिकृतीच्या एकूण विरोधातून ते वजा केलं आणि उरलेला, मुख्यतः लाटांचा, विरोध तेवढा जहाजाच्या मापाला वाढवला. जहाजाचं घर्षण स्वतंत्र काढून त्यात मिळवलं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात हुशार चाल हीच.

घर्षणाची बाजू ऑसबर्न रेनॉल्ड्सने उलगडली. १८८३ मध्ये मँचेस्टरला त्याने काचेच्या नळीत रंगाची धार सोडली आणि ती कधी विस्कटते ते पाहिलं. वेग, व्यास, घनता आणि श्यानता (द्रवाचा चिकटपणा) यांचं एकच मितिहीन, म्हणजे एकक नसलेलं, गुणोत्तर ते ठरवत होतं. त्याला ‘रेनॉल्ड्स अंक’ हे नाव दिलं सोमरफेल्डने, १९०८ मध्ये.

प्रमेयाच्या श्रेयाचा मात्र गुंताच आहे. फ्रान्समध्ये वाशीने ते १८९२ लाच मांडलं होतं, रशियात रियाबुशिन्स्कीने १९११ मध्ये. बकिंगहॅमचा लेख १९१४ चा, पण गटांना त्याने दिलेलं पाय हे चिन्ह टिकलं आणि नावही त्याचंच राहिलं. मूळ संशोधन करणारेसुद्धा या तत्त्वाकडे फारसं लक्ष देत नाहीत, अशी तक्रार भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने १९१५ मध्ये केली.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, ज्याची सुरुवात १९१६ ची, धरणांच्या सांडव्यांच्या प्रतिकृती आजही फ्रूड अंकावरच (वेग, लांबी आणि गुरुत्वाकर्षण यांचं, लाटांची बाजू जुळवणारं गुणोत्तर) बेततात. रेनॉल्ड्स अंक जुळत नाही. म्हणून प्रतिकृती निदान इतकी मोठी ठेवायची, की तिच्यातला प्रवाहही खळाळता राहील.