चुंबकाला चिकटलं नाही, म्हणजे नाणं अस्सल?

‘जुन्या ग्रीक नाण्याला चुंबक लावा, चिकटलं नाही तर अस्सल,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण अर्धा खरा आहे: चांदी चुंबकाला चिकटत नाही. पण तांबं, पितळ, शिसंही चिकटत नाही. चिकटलं तर नाणं बाद, एवढंच यातून कळतं.

अथेन्सचं घुबडाचं चित्र असलेलं चांदीचं नाणं घ्या. इ.स.पू. पाचव्या शतकातलं, वजन साधारण 17.2 ग्रॅम. सोनाराच्या बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. काटा नाण्याने व्यापलेल्या जागेएवढ्या पाण्याचं वजन दाखवतो: चांदी असेल तर 1.65 ग्रॅमच्या आसपास, पितळ असेल तर 2 च्या.

मात्र नकली नाणंही चांदीचं असू शकतं. म्हणून भिंगातून कड पाहा. ही नाणी ठोकून घडवलेली. कडेवर फिरलेली साच्याची सांधरेषा किंवा पृष्ठभागावरचे बारीक बुडबुडे ओतकाम उघडं पाडतात. आणि दोन नाण्यांवर तेच ओरखडे, तीच वेडीवाकडी कड दिसली, तर निदान एक तरी नक्कल आहे.